जुन्या व्हीएट (V8, आठ सिलिंडरच्या) स्पोर्ट्स कारला स्टीलचं बेलहाऊसिंग: गोव्यातल्या नवख्यांसाठी मार्गदर्शन

फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या मागच्या टोकाला फिरणारं जड चाक. १४ इंची फ्लायव्हील ६००० आरपीएमवर (मिनिटाला ६००० फेरे) फिरतं तेव्हा त्याची कड ताशी ४०० किलोमीटरच्या आसपास धावत असते. जुनं फ्लायव्हील बिडाचं. त्यावर साठ वर्षांच्या क्लचच्या घासणीनं पडलेल्या उष्णतेच्या चिरा असतात. आरपीएम ४००० वरून ६००० वर गेले की बाहेर ओढणारा जोर सव्वादोन पटीनं वाढतो, आणि अशाच एखाद्या क्षणी चीर उघडते. मूळ ॲल्युमिनियमचं बेलहाऊसिंग (फ्लायव्हील आणि क्लच झाकणारं, इंजिन व गिअरबॉक्स जोडणारं कवच) फ्लायव्हीलचे उडालेले तुकडे अडवू शकत नाही, ते स्वतःच फुटतं. बेलहाऊसिंग नेमकं चालकाच्या पावलांजवळ असतं आणि पेट्रोलची व ब्रेकची नळी तिथूनच जाते.

स्टीलचं बेलहाऊसिंग त्यासाठीच. ते नुसतं विकत आणून बोल्ट आवळले म्हणजे काम झालं, असं समजून बहुतेकजण फसतात. स्टीलची ताकद कारखान्यातूनच आलेली असते. तुमच्या हातात उरतं ते एकच काम: इंजिनच्या क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य एका रेषेत आणणं. तिथे चूक झाली तर पाय वाचतील, पण गिअरबॉक्स जाईल.

इथली मापं शेव्हर्लेचं ‘स्मॉल ब्लॉक’ व्हीएट इंजिन आणि चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स धरून दिली आहेत. १९६३ नंतरच्या कॉर्व्हेटमध्ये ही जोडी सर्रास आढळते. फोर्ड इंजिनाची गाडी असेल तर जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे. चार सिलिंडरच्या एमजी, ट्रायम्फला पद्धत हीच, मापं मात्र त्या गाडीच्या मॅन्युअलमधली घ्या.

१. आधी फ्लायव्हील, मग कवच

कवच हा शेवटचा बंदोबस्त आहे. बिडाचं जुनं फ्लायव्हील तसंच ठेवून त्यावर महागडं हाऊसिंग चढवण्यात अर्थ नाही. खर्च वाटून करायचा असेल तर पहिले पैसे स्टीलच्या, एसएफआय (शर्यतीच्या सुट्या भागांची सुरक्षा मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था) १.१ प्रमाणित फ्लायव्हील आणि क्लचवर घाला. दुसरे बेलहाऊसिंगवर, आणि त्याचं प्रमाणपत्र एसएफआय ६.१ असतं. दोन्हींच्या तबकडीवर किंवा स्टिकरवर तारीख असते. शर्यतीत उतरायचं असेल तर आयोजकांचा नियम आणि ही तारीख आधी जुळवून पाहा.

वजन कमी करायला हाऊसिंगला भोकं पाडणं, कडा कापणं, वेल्ड मारणं यातलं काहीही करू नका. तसं केलं की प्रमाणपत्र रद्द झालं, आणि ताकदीची खात्रीही उरली नाही.

२. मोजल्याशिवाय ऑर्डर नको

गाडीखाली शिरून ही माहिती लिहून काढा:

- फ्लायव्हीलचे दात. शेव्हर्लेत दोन प्रकार: १५३ दात म्हणजे पावणेतेरा इंची, १६८ दात म्हणजे १४ इंची. लहान हाऊसिंगमध्ये १६८ दातांचं फ्लायव्हील मावत नाही.
- स्टार्टर कुठे बसतो. बहुतेक स्मॉल ब्लॉकवर तो ब्लॉकला खालून बसतो. १९५५ ते ५७ च्या ब्लॉकांवर त्याची सोय नव्हती, तिथे तो बेलहाऊसिंगवर असतो. अशा गाडीला नंतरच्या इंजिनाचं हाऊसिंग आणलं तर स्टार्टर लावायला जागाच उरत नाही.
- गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंग रिटेनरचा, म्हणजे हाऊसिंगच्या मागच्या गोल भोकात (बोरमध्ये) बसणाऱ्या झाकणाचा व्यास. मन्सीला सुमारे ४.६८ इंच, फोर्डच्या टॉपलोडरला सुमारे ४.८५ इंच. व्हर्नियरनं स्वतः मोजा, कारण साठ वर्षांत गिअरबॉक्स बदललेला असू शकतो.
- जुन्या हाऊसिंगची खोली, म्हणजे ब्लॉकच्या तोंडापासून गिअरबॉक्सच्या तोंडापर्यंतचं अंतर. नव्या हाऊसिंगच्या खोलीत ब्लॉक प्लेटची (ब्लॉक आणि हाऊसिंगच्या मध्ये बसणाऱ्या पत्र्याची) जाडी धरली आहे की नाही, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. नाहीतर गिअरबॉक्स तेवढा मागे सरकतो आणि इनपुट शाफ्टचं (गिअरबॉक्समधून पुढे येणाऱ्या शाफ्टचं) टोक पायलट बुशमध्ये (क्रँकच्या मागच्या टोकातल्या छोट्या बुशमध्ये) पुरेसं शिरत नाही.
- टनेलमधली, म्हणजे गिअरबॉक्सवरच्या फरशीच्या उंचवट्यातली, मोकळी जागा. स्टीलचं हाऊसिंग मूळच्यापेक्षा ढेरपोट असतं. एक्झॉस्ट, क्लचच्या लिंकेजचा आडवा दांडा आणि टनेलची वरची बाजू ही अडण्याची तीन ठिकाणं.

फोर्डवाल्यांनी ब्लॉकच्या मागचे बोल्ट मोजावेत. १९६४ च्या मध्यापर्यंतच्या स्मॉल ब्लॉकला पाच बोल्ट, त्यानंतरच्याला सहा. सनबीम टायगर आणि एसी कोब्रा या बदलाच्या काळातल्याच गाड्या, त्यामुळे नुसत्या मॉडेलच्या नावावर ऑर्डर देणं धोक्याचं.

३. कागदपत्रं

माल परदेशातून येतो. कस्टम्सची ड्यूटी किंमत, वाहतूक आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर लागते. हाऊसिंगचं वजन ॲल्युमिनियमच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असल्यामुळे वाहतूकच मोठी होते आणि तिच्यावरही ड्यूटी बसते. फ्लायव्हील, क्लच आणि डोवेल (ब्लॉकवर हाऊसिंगची जागा ठरवणाऱ्या खुंट्या) एकाच खोक्यात मागवा. तयार ठेवायचे कागद: पार्ट नंबर असलेलं बिल, पैसे भरल्याची पावती, आणि कुरिअरच्या केवायसीसाठी पॅन व आधार.

गाडीच्या बाजूनं आरसी, विमा आणि पीयूसी. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि पोच ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. बेलहाऊसिंगनं इंजिन नंबर बदलत नाही, पण टनेल किंवा चासी कापायला घेतली की गोष्ट वेगळी होते. ५० वर्षांहून जुनी गाडी २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदवायची असेल, तर चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात हवं ही अटच आहे. म्हणून जे हाऊसिंग टनेल न कापता बसतं तेच घ्या. जुनं ॲल्युमिनियमचं हाऊसिंग, त्याचे बोल्ट आणि डोवेल तेल लावून, कापडात गुंडाळून जपून ठेवा.

४. हत्यारं आणि माणसं

- थाऊ दाखवणारा डायल गेज आणि त्याचा चुंबकाचा स्टँड. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.
- टॉर्क पाना, इंची सॉकेट. तीन सुती (३/८ इंची) बोल्टच्या डोक्याला ९/१६ चा पाना लागतो. त्याला १४ मिमी चढत नाही आणि १५ मिमी डोकं गोल करतो. चार सुतीच्या (१/२ इंची बोल्टच्या) ३/४ डोक्याला १९ मिमी चालून जातो.
- चार भक्कम घोड्या, गिअरबॉक्स जॅक, लाकडाचे ठोकळे.
- क्लच मध्यात धरणारा प्लास्टिकचा किंवा जुन्या इनपुट शाफ्टचा मँड्रेल.
- चिरा शोधायचं डाय पेनिट्रंट किट: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर.
- ऑफसेट डोवेलची (मध्य किंचित सरकवलेल्या डोवेलची) जोडी. शेव्हर्लेला ५/८ इंची, ७, १४ आणि २१ थाऊ अशा मापांत मिळतात.
- ग्रेड ८ चे नवे बोल्ट. डोक्यावर सहा रेघा असतात.

हे काम नेहमीच्या गॅरेजमध्ये अडतं, कारण तिथे डायल गेज नसतो. गोव्यात मात्र त्याची जाण असलेली माणसं आहेत. वेर्णा, कुंडई, थिवीच्या औद्योगिक वसाहतींतले टर्नर, डिचोली-साखळी पट्ट्यात खाणीच्या ट्रकांवर हात बसलेले फिटर, मांडवी-जुवारीकाठच्या बार्ज दुरुस्तीच्या यार्डांतले लोक. शाफ्टचा मध्य जुळवणं हे बार्जवाल्यांचं रोजचं काम. गाडी दाखवण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘डायल लावून बोर बघाल ना?’ ‘कशाला, डोवेल आहेत की,’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

५. गिअरबॉक्स उतरवणं

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. प्रोपेलर शाफ्टवर आणि फ्लँजवर खूण करा, गिअर ऑइल काढून घ्या, लिंकेज सोडा. इंजिन मागच्या बाजूनं झुकतं, म्हणून ऑइल चेंबरखाली रुंद लाकडी फळी ठेवून जॅकचा आधार द्या.

गिअरबॉक्स बोल्ट काढल्यावर क्षणभरही इनपुट शाफ्टवर लोंबकळू देऊ नका. त्याच्या वजनानं क्लचप्लेटचा मधला भाग वाकतो आणि मग नवा गिअरबॉक्स बसवला तरी क्लच नीट सुटत नाही. चढवतानाही हीच काळजी.

६. साफसफाई आणि तपासणी

ब्लॉकचं मागचं तोंड घासून लखलखीत करा. समुद्राजवळ उभ्या राहिलेल्या गाडीत डोवेलभोवती गंजाची कडी तयार झालेली असते. ती राहिली तर हाऊसिंग एका बाजूला उचललं जातं. बारीक तेलपाथर फिरवून वर आलेले बुरे (धातूच्या उभ्या राहिलेल्या कडा) काढा. फाइल वापरू नका, ती तोंड खाते.

मागच्या मेन सीलमधून तेल येत असेल तर सील आत्ताच बदला. पायलट बुश नवीनच घाला. जुनं फ्लायव्हील वापरायचा हट्ट असेल तर डाय पेनिट्रंट मारून बोल्टच्या भोकांभोवती आणि घासणीच्या तोंडावर पाहा. एक जरी चीर भोकापर्यंत पोचली असेल तर ते भंगारात.

७. मध्य जुळवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

ब्लॉक प्लेट आधी, फ्लायव्हील नंतर. प्लेटचं मधलं भोक फ्लायव्हीलपेक्षा लहान असतं, म्हणून हा क्रम चुकला की सगळं पुन्हा उघडावं लागतं. हाऊसिंग आणि प्लेटच्या जुळणाऱ्या तोंडांवर रंग किंवा पावडर कोटिंग असेल तर ते काढून टाका. रंगाची जाडी सगळीकडे सारखी नसते.

फ्लायव्हीलचे बोल्ट ६० फूट-पौंडांवर, म्हणजे सुमारे ८१ न्यूटन-मीटरवर, समोरासमोरच्या क्रमानं आवळा. फोर्डला ७५ ते ८५ फूट-पौंड लागतात. क्लच आत्ता लावायचा नाही.

हाऊसिंग डोवेलवर बसवून सहाही बोल्ट ३० ते ३५ फूट-पौंडांवर आवळा, म्हणजे ४० ते ४७ न्यूटन-मीटर. बोल्टच्या लांबीत एक सापळा आहे. स्टीलची फ्लँज ॲल्युमिनियमपेक्षा पातळ असते, त्यामुळे जुना लांब बोल्ट ब्लॉकच्या भोकात तळाला टेकतो. पाना घट्ट झाल्यासारखा वाटतो, हाऊसिंग मात्र सैलच राहतं. उलट, प्लेटमुळे बोल्ट आखूड पडला तर चुडी (बोल्टचे आटे) कमी पकडते. तीन सुती बोल्टला बिडात निदान ९/१६ इंच चुडी मिळाली पाहिजे. प्रत्येक भोकाची खोली काडीनं मोजून बोल्ट निवडा.

आता सगळे स्पार्क प्लग काढा, म्हणजे क्रँक हातानं सहज फिरेल. डायलचा चुंबक फ्लायव्हीलवर ठेवा (ॲल्युमिनियमच्या फ्लायव्हीलवर तो चिकटत नाही, तिथे बोल्टनं पट्टी बांधा). आधाराचा दांडा शक्य तितका आखूड ठेवा आणि डायलची टोच हाऊसिंगच्या मागच्या गोल बोरच्या आतल्या भिंतीला टेकवा. घड्याळाच्या १२ वर शून्य करा. पुढून क्रँकचा बोल्ट पानानं फिरवत ३, ६ आणि ९ वरचं रीडिंग घ्या. १२ वर परत शून्य आलं नाही तर स्टँड हलला आहे, पुन्हा सुरुवात करा.

समजा रीडिंग असं आलं: १२ वर ०, ३ वर ४, ६ वर १४, ९ वर १० थाऊ. आधी पडताळा पाहा: १२ आणि ६ ची बेरीज १४, ३ आणि ९ ची बेरीजही १४. या दोन बेरजा जवळपास जुळल्या तरच रीडिंग खरं. खाली-वर फरक १४, त्याचा अर्धा ७ थाऊ. आडवा फरक ६, त्याचा अर्धा ३ थाऊ. म्हणजे मध्य उभ्या दिशेनं ७ आणि आडव्या दिशेनं ३ थाऊ चुकला आहे. एकूण साडेसात थाऊंहून किंचित जास्त.

नवख्यांचा गोंधळ इथेच होतो. डायल दाखवतो तो पूर्ण फरक, मध्य सरकलेला असतो त्याच्या निम्मा. डायलवरचा एकूण फरक १० थाऊंच्या आत, म्हणजे मध्याची चूक ५ थाऊंच्या आत हवी. आपल्या उदाहरणात ती जास्त आहे.

हाऊसिंग कुठे सरकवायचं? जिकडे रीडिंग जास्त, तिकडे टोच आत दाबली गेली, म्हणजे तिकडची भिंत क्रँकच्या मध्याला जवळ आहे. म्हणून हाऊसिंग त्याच बाजूला सरकवायचं. इथे ७ थाऊ खाली आणि ३ थाऊ ९ च्या बाजूला. ७ थाऊवाले डोवेल घ्या. जुने डोवेल ग्रिप पान्यानं फिरवत ओढून काढा. नवे दोन्ही घालून त्यांचा उंचवटा ६ पासून थोडा ९ कडे झुकलेला ठेवा. दोन्ही डोवेलची दिशा तंतोतंत एकच हवी. एक जरी वेगळा फिरला तर हाऊसिंग डोवेलांवर अडकून बसतं आणि हातोडी मारून बसवायचा मोह होतो. तो मोह टाळा.

पुन्हा आवळा, पुन्हा मोजा. आता चूक अर्ध्या थाऊच्या आसपास यायला हवी. जुळल्यावर डोवेल त्यांच्या स्क्रूनं किंवा लॉकिंग द्रव लावून पक्के करा आणि दिशा मार्करनं ब्लॉकवर लिहून ठेवा.

बोर जुळल्यावर हाऊसिंगचं मागचं तोंडही तपासा. डायलची टोच तोंडावर टेकवा आणि क्रँक सतत एकाच बाजूला, पुढे दाबून फिरवा, नाहीतर क्रँकची पुढे-मागे हालचालच रीडिंगमध्ये मिसळते. ५ थाऊंच्या आत आलं तर ठीक. जास्त आलं तर आधी बुरे आणि रंग शोधा, मग वाकलेली प्लेट. त्यानंतरच पातळ शिमचा (मध्ये घालायच्या पत्र्याच्या पट्टीचा) विचार करा.

हे सगळं टाळून गाडी चालवली तर पहिल्यांदा पायलट बुश खाल्ला जातो, मग पुढच्या बेअरिंगची गुरगुर सुरू होते, आणि शेवटी टॉप गिअर आपोआप निसटायला लागतो. मग दोष गिअरबॉक्सला दिला जातो.

८. क्लच

हाऊसिंग काढा. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटची तोंडं ब्रेक क्लीनरनं पुसा, हात लागू देऊ नका. क्लचप्लेटच्या स्प्रिंगची फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे. मँड्रेल घालून प्रेशर प्लेटचे बोल्ट एकेक फेरा समोरासमोर आवळत ३५ फूट-पौंडांवर आणा. हाऊसिंग पुन्हा चढवा, इंजिन हातानं दोन फेरे फिरवा आणि बोल्टची डोकी आत कुठे घासत नाहीत ना ते पाहा.

खालचे नट-बोल्ट विसरू नका. ब्लॉकच्या कडेबाहेर हाऊसिंग आणि प्लेट एकमेकांना जोडलेली असतात. सर्व्हिसला सोपं जावं म्हणून ते काढून ठेवणारे आहेत. तसं केलं की कवच खालून उघडं राहतं आणि तुकडा रस्त्यावर आपटून वर येतो.

९. फोर्क आणि रिलीज बेअरिंग

फोर्क म्हणजे पेडल दाबल्यावर रिलीज बेअरिंग पुढे ढकलणारा दांडा; ते बेअरिंग मग प्रेशर प्लेटची बोटं दाबतं. बेअरिंग आखूड आणि लांब अशा दोन मापांत येतं. वाकड्या बोटांच्या डायफ्रॅम प्लेटला आखूड, तीन बोटांच्या जुन्या प्लेटला लांब. उलटं झालं तर पेडल ॲडजस्टच होत नाही. बेअरिंग बोटांना टेकल्यावर फोर्क हाऊसिंगच्या खिडकीत साधारण मधोमध यायला हवा. येत नसेल तर ॲडजस्ट होणारा पिव्हट बॉल (फोर्क ज्यावर डोलतो तो गोळा) लावा. पेडलला सुमारे एक इंच मोकळी हालचाल ठेवा.

१०. गिअरबॉक्स चढवणं

डोकी कापलेले दोन लांब बोल्ट हाऊसिंगच्या वरच्या भोकांत दांड्यांसारखे लावा आणि गिअरबॉक्स त्यांच्यावरून सरकवा. शेवटचा अर्धा इंच राहिला आणि पुढे जाईना तर थांबा. गिअर टाकून गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टचं टोक थोडं फिरवून स्प्लाइन (इनपुट शाफ्टवरच्या खाचा) जुळवा. बोल्ट आवळून ओढून घेतलं की पायलट बुश चिरडतो किंवा गिअरबॉक्सचा कान तुटतो, आणि जुन्या मन्सीची केस इथे मिळणारी वस्तू नाही. हातानं तोंडाला तोंड लागलं की मग चार सुती बोल्ट ५० फूट-पौंडांवर.

स्टील आणि ॲल्युमिनियम एकत्र आले आणि वर खारी हवा, म्हणजे दोन वर्षांत बोल्ट जाम. चुडीला अँटी-सीझ लावा. वंगण लावलेल्या चुडीवर टॉर्क दिलेल्या मर्यादेतला खालचा आकडा धरा.

इंजिनची अर्थ वायर कोटिंग केलेल्या हाऊसिंगवर लावू नका, थेट ब्लॉकवर लावा. कोटिंग वीज अडवतं आणि स्टार्टर रडत फिरतो.

११. पहिली चाचणी आणि पावसाळा

मागची चाकं हवेत असतानाच इंजिन सुरू करा. क्लच दाबून, सोडून, प्रत्येक गिअर टाकून ऐका. क्लच दाबल्यावरच आवाज आला तर रिलीज बेअरिंग किंवा पायलट बुश. सोडल्यावर न्यूट्रलमध्ये गुरगुर असेल तर इनपुट बेअरिंग किंवा मध्य. पहिले काही दिवस क्लच सौम्य वापरा, चढावर गाडी त्यावर तोलून धरू नका. नंतर गाडी उचलून हाऊसिंगचे सगळे बोल्ट टॉर्क पान्यानं पुन्हा तपासा.

हाऊसिंगच्या बाहेरून झिंक प्रायमर आणि पातळ रंग, जुळणाऱ्या तोंडांवर गंजरोधक तेलाचा फक्त हात. आत ग्रीस किंवा तेल अजिबात नको, ते उडून क्लचवर येतं. पाणी निघायची खालची फट चिखलानं बुजली नाही ना, हे पाहत राहा. जूनपासून गाडी उभीच राहणार असेल तर पेडल दाबून सीटच्या मध्ये लाकडी काठी अडकवा. क्लचप्लेट फ्लायव्हीलपासून सुटी राहते आणि दमटपणात गंजून चिकटत नाही. ऑक्टोबरमध्ये काठी काढल्यावर इंजिन सुरू करण्याआधी पेडल दहा-बारा वेळा दाबून सोडा. ते सहज परत येत नसेल तर लिंकेजचे सांधे आधी साफ करून घ्या.